१ मे घरी साजरा करायचाय? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्र दिनाला आमच्या पाचपाखाडीच्या घरी संध्याकाळी वीसेक माणसं जमतात: शेजारी, ऑफिसातले, मुलांचे मित्र आणि त्यांचे आईवडील. हळूहळू ओळखीतले इतरही आपापल्या घरी असं काही करू लागले, आणि एप्रिलचा शेवटचा आठवडा लागला की तेच तेच प्रश्न फोनवर यायला लागले. उत्तरं एकदाची लिहून ठेवतेय.

देशभक्तीचा कार्यक्रम करायचा तर १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी सोडून १ मे कशाला?

करा की तेही. पण १५ ऑगस्टला आपल्याकडे पाऊस कोसळत असतो, आणि २६ जानेवारीला मुलांच्या डोक्यात स्नेहसंमेलन नाहीतर चाचणी असते. १ मेला परीक्षा संपलेली, सुट्टी लागलेली आणि बाजारात हापूस. घरात माणसं गोळा करायला याहून बरा मुहूर्त नाही. शिवाय हा दिवस आपल्याला सहज मिळालेला नाही. १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य झालं, त्याआधीपासूनच संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती, २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकात, गोळीबार झाला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्यं झाली. यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री. हुतात्मा चौकावरून बस नेहमी जाते, पण तिथे नेमकं काय झालं होतं हे दहावीतल्या मुलाला विचारून बघा एकदा.

किती माणसं बोलवावीत आणि किती वाजता?

टू बीएचकेत वीस. पंचविसाच्या वर गेलात की लोक जिन्यात उभे राहून गप्पा मारतात आणि खालच्या मजल्यावरचे काका वर बघत राहतात. वेळ संध्याकाळी सहाची सांगा, म्हणजे मंडळी साडेसहाला येतात. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, खाडीवरून जरा वारा सुटतो. दुपारी बारा ते चार या वेळेत ठाण्यात कुणालाही जेवायला बोलावू नये, घामाने माणसं निथळत येतात आणि पंख्याखालच्या जागेसाठी भांडतात.

गच्ची मिळणार असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आठवडाभर आधी लेखी कळवा. आणि उन्हं उतरल्यावर लाद्यांवर दोन-चार बादल्या पाणी मारा. दिवसभर तापलेली गच्ची रात्री आठपर्यंत पायाला चटके देते.

आमंत्रण लवकर द्या, हे मात्र खरं. मे महिन्यात अर्धं ठाणं गावाला आणि उरलेलं लग्नांना गेलेलं असतं.

घरी तिरंगा लावता येतो का? नियम काय आहेत?

येतो. भारतीय ध्वजसंहिता २००२ ची आहे, आणि सन्मान राखून झेंडा लावायला सामान्य नागरिकाला वर्षातला कुठलाही दिवस चालतो. जुलै २०२२ मधल्या बदलानंतर घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. आधी सूर्यास्ताला उतरवावा लागे. कापड सुती, लोकरी, रेशमी किंवा खादीचं चालतंच, डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरचंही चालतं. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. केशरी वर. फाटका, मळका, चुरगळलेला नको. त्याच काठीवर दुसरा झेंडा नको, आणि शेजारी त्याच उंचीवर किंवा वर दुसरा कुठलाही नको. भगवा, मंडळाचा, क्रिकेट टीमचा, जो काही लावायचा असेल तो खाली आणि लांब.

खरी गडबड सजावटीत होते. तिरंग्याचं टेबलक्लॉथ, तिरंग्याचे हातरुमाल, दारावर तिरंग्याच्या पताका, हे संहितेत बसत नाही. प्लॅस्टिकचे छोटे झेंडे तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहेत, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या यादीत त्यांचं नाव आहे. सिग्नलला कुणी विकत असेल तरी घेऊ नका. कागदी झेंडे मुलांच्या हातात द्यायला हरकत नाही, पण कार्यक्रम संपल्यावर ते मोजून परत घ्या. सोफ्याखाली सापडलेला झेंडा दुसऱ्या दिवशी केरात जातो, आणि तो आपण टाकलेला नसला तरी आपल्याच घरातून गेलेला असतो.

माझं मत विचाराल तर एक झेंडा, नीट लावलेला, पुरे.

मग सजावट कशाने करायची? तिरंगा नाही म्हटल्यावर घर सुनं दिसेल.

मे महिन्यात बाहेर बघा तरी. बहावा पिवळाधमक लोंबतोय, गुलमोहर पेटलाय आणि ताम्हण जांभळ्या फुलांनी भरलंय. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल. ठाण्यात, नवी मुंबईत रस्त्याकडेला भरपूर आहे, आपण रोज त्याच्याखाली गाडी लावतो आणि नाव माहीत नसतं. फुलं तोडू नका, सकाळी झाडाखाली पडलेली वेचा. पसरट काशाच्या नाहीतर पितळेच्या भांड्यात पाणी घालून तरंगत ठेवा. संध्याकाळपर्यंत थोडी मलूल होतात, चालतं.

दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, त्यात झेंडू. आंबा हा राज्यवृक्षच आहे, म्हणजे विषयाला धरूनही झालं. झेंडू आणि पानं जांभळी नाक्याला सकाळी लवकर जाऊन घ्या, नऊनंतर भाव तेच राहतात आणि फुलं मात्र कोमेजलेली मिळतात. थर्माकोल आणायचं नाही. राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी कुणीतरी ‘मखराचं उरलंय’ म्हणून घेऊन येतंच.

जेवायला काय ठेवावं?

आमच्याकडे ठरलेली पद्धत अशी: यजमानाने आमरस, साधा भात, ताक आणि पन्हं करायचं. बाकी प्रत्येक घराने आपापल्या मूळ गावाकडचा एकच पदार्थ आणायचा. ठाण्यात बहुतेक सगळेच कुठून ना कुठून आलेले आहेत, आणि जे मूळचे इथले आहेत त्या आगरी-कोळी घरांकडून तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आली की बाकीचे पदार्थ थोडा वेळ कुणी बघत नाही.

काय आणायला सांगावं, काय नाही, याचा अनुभव आता झालाय. सोलापूरची शेंगाचटणी सगळ्यात सोयीची, डब्यातून कुठूनही येते, उरली तर महिनाभर टिकते. खानदेशची शेवभाजी चालते, पण रस्सा वेगळा आणि शेव वेगळी आणायला सांगा. एकत्र करून आणली तर भिवंडी बायपासच्या ट्रॅफिकमध्ये तिचा लगदा होतो. खानदेशी भरीत मात्र मे महिन्यात आग्रहाने मागू नका, भरताची वांगी थंडीतली. विदर्भाचा वडाभात उत्तम, गार झाला तरी वरून फोडणीचं तेल घातलं की जमतं. मराठवाड्याची येसर आमटी भातावर ओतायला हवीच. कोकणातल्या मंडळींकडून फणसाची भाजी घ्या. घावन आणतो म्हणाले तर पीठ आणायला सांगा आणि तवा तुमचा द्या, घावन गरमच खायचं असतं. नागपूरकरांचे तर्री पोहे हे खरं सकाळचं खाणं, पण संध्याकाळी साडेसहाला आलेल्या भुकेल्या पोरांना ते पहिल्यांदा वाढले तर पुढचा तासभर शांतता मिळते. पुणेकर काय आणतील ते त्यांच्यावर सोडा.

पुऱ्या घरी तळू नका. वीस माणसांना शंभरेक पुऱ्या लागतात, आणि मेमध्ये बंद स्वयंपाकघरात कढईपुढे उभं राहून शंभर पुऱ्या तळणाऱ्या बाईला तुम्ही कुठलाही दिवस साजरा करायला लावू शकत नाही. जवळच्या पोळीभाजी केंद्रात पोळ्या सांगून ठेवा, दोन दिवस आधी, कारण त्या दिवशी त्यांच्याकडेही ऑर्डरची रांग असते.

पन्ह्याचं प्रमाण सगळे विचारतात: एक किलो कैरी, पाऊण किलो गूळ. कैऱ्या कुकरला उकडा, साल काढून गर कोयीपासून हाताने सोडवा, गूळ गरम गरातच विरघळू द्या, मग चवीपुरतं मीठ आणि वेलदोड्याची पूड. केशर घातलंत तर छान, नाही घातलं तरी कुणाचं अडत नाही. हा गर आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवा आणि आयत्या वेळी गार पाण्यात कालवा. तीसेक ग्लास होतात. कैरी फार आंबट निघाली तर गूळ थोडा वाढवा, चाखून.

आंबे कधी आणि किती घ्यावेत?

मध्यम आकाराच्या एक डझन हापूसचा बारा-चौदा वाट्या रस निघतो. वीस माणसांना दोन डझन लागतील, आणि दुसऱ्यांदा मागणारे असतातच म्हणून वर अर्धा डझन. वाशीच्या घाऊक फळबाजारात पेटी घेतली तर स्वस्त पडते, पण पेटीत साधारण चार ते सात डझन येतात, तेव्हा शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्या.

तयार पिकलेले आंबे आदल्या दिवशी शोधत फिरण्यापेक्षा पाच-सहा दिवस आधी अर्धवट तयार पेटी आणा. उघडून पेंढ्यात एकेक थर लावा आणि रोज एकदा हात फिरवा: देठाकडे किंचित बोट दबलं, कातडीवर बारीक सुरकुती धरली आणि झाकण उघडताच खोलीभर वास आला की तो आंबा आज वापरायचा. कच्चा आंबा फ्रिजमध्ये टाकू नका, पिकायचा थांबतो. सगळा आंबा एकसारखा पिवळा, पण वास नाही आणि कापल्यावर आत पांढुरका, असा माल दिसला तर सोडून द्या. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी असं फळ बाजारात येतं.

रस काढताना मिक्सर फिरवू नका हो. हाताने पिळा, एखादी रेषा राहिली तर राहू दे.

मुलांसाठी काय खेळ ठेवावेत? मोबाइल काढून घेतला की रडारड होते.

रडारड दहा मिनिटं टिकते. आमच्याकडे हमखास चालणारा खेळ म्हणजे जिल्ह्यांचा नकाशा. तयारीला एक दुपार लागते, पण पुढे कितीतरी वर्षं वापरता येतो.

जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून महाराष्ट्राचे सगळे ३६ जिल्हे वेगवेगळे कापा. १९६० साली राज्य झालं तेव्हा जिल्हे २६ होते. आता नंतर झालेले दहा तुकडे त्यांच्या मूळ जिल्ह्यांवर टाचणीने नाहीतर सेलोटेपने चिकटवून ठेवा: रत्नागिरीवर सिंधुदुर्ग, चंद्रपूरवर गडचिरोली, धुळ्यावर नंदुरबार, अकोल्यावर वाशिम, परभणीवर हिंगोली, भंडाऱ्यावर गोंदिया, असं. पहिल्या फेरीत मुलांनी जमिनीवर २६ जिल्ह्यांचं राज्य मांडायचं. मग तुम्ही साल पुकारायचं. ‘१९८१!’ म्हटलं की सिंधुदुर्ग आणि जालना सुटे करायचे. १९८२ ला लातूर आणि गडचिरोली. १९९० ला मुंबई उपनगर. १९९८ ला नंदुरबार आणि वाशिम, १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया. शेवटी २०१४, म्हणजे आपलं ठाणं: १ ऑगस्टला पालघर वेगळा झाला. पोरं पालघरचा तुकडा उचलतात आणि उरलेला ठाणे जिल्हा केवढासा दिसतो ते बघून चकित होतात. आमच्याकडे येणारे वाड्याचे एक आजोबा या वेळी दरवर्षी तोच निषेध नोंदवतात. त्यांचं आयुष्य ठाणे जिल्ह्यात गेलं, आता पत्त्यावर पालघर लिहायला हात वळत नाही.

यातली गंमत मुलांना सांगा की सिंधुदुर्ग, जालना, हिंगोली आणि गोंदिया यांचा वाढदिवसही १ मेच. मोठ्यांना अडवायचं असेल तर जुनी नावं विचारा. कुलाबा जिल्हा कुठला? (रायगड.) चांदा? (चंद्रपूर.) संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही तर आपल्या डोळ्यांदेखत बदललेली, तरी जुनं नाव तोंडात येतंच, त्याला दंड म्हणून एक गाणं.

लहानांसाठी राज्यचिन्हांची नक्कल ठेवा, न बोलता ओळखायची. शेकरू (राज्यप्राणी) उड्या मारून दाखवता येतो, हरियाल पक्षी जरा अवघड, नीलवंत फुलपाखरू मुली झकास करतात. राज्यफुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, २०१५ साली. पापलेट हा राज्यमासा आहे हे ऐकल्यावर सगळी पोरं एकदम लोळायला लागतात.

एवढ्यावर भागलं नाही तर पत्ते आहेत, भेंड्या आहेत, नाव-गाव-फळ-फूल आहे.

भाषण, माहिती वगैरे कुणी सांगायची? लोक कंटाळतात.

माइक कुणाच्याही हातात देऊ नका, बस. त्यापेक्षा घरातल्या ज्येष्ठांना मध्ये बसवून नेमके प्रश्न विचारा. १९६० साली जे दहा वर्षांचे होते ते आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, आठवणी अजून धड आहेत. ‘तेव्हा कसं होतं?’ असं विचारलंत तर ‘छान होतं’ एवढंच उत्तर येईल. मुंबईला पहिल्यांदा कुठल्या गाडीने आलात, कुठे उतरलात, पहिली रात्र कुणाकडे काढलीत, खोलीत किती जण राहायचात, हे विचारा. मुलांकडून विचारून घ्या आणि एकाला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा.

बेळगावचा विषय निघणारच. जेवण झाल्यावर निघू द्या.

आमचे शेजारी गुजराती आहेत. त्यांना बोलावलं तर अवघडल्यासारखं नाही होणार?

का व्हावं? १ मे हा गुजरातचाही स्थापना दिवस. एकाच कायद्याने एकाच दिवशी दोन्ही राज्यं झाली. वाद मुंबईवरून होता आणि तो कडू होता, हे खरंच आहे, ते लपवायची गरज नाही. पण समोरच्या दारातल्या बेनना ‘तुमचाही आजच दिवस ना’ म्हणून बोलावलंत तर त्या रिकाम्या हाताने येणार नाहीत. आणि आमरसावरून भांडण होतं ते वेगळंच: त्यात सुंठ घालायची की नाही. आमच्याकडे दोन पातेली ठेवतो.

गाणी किती मोठ्याने लावता येतात?

रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासून आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, म्हणजे स्पीकर खिडकीत ठेवून चालत नाही. इमारतींच्या डक्टमधून आवाज घुमत वरपर्यंत जातो, आणि तिथे कुणाचं तान्हं बाळ असतं, कुणाची नीटची तयारी चाललेली असते.

राज्यगीत मात्र जरूर म्हणा, सगळ्यांनी मिळून, उभं राहून. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज; २०२३ मध्ये त्याला राज्यगीताचा दर्जा मिळाला. अधिकृत रूप दोन कडव्यांचं आहे, दोन मिनिटांच्या आत संपतं. शब्द मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावा. पहिली ओळ सगळ्यांना येते, दुसऱ्या कडव्यात नुसते ओठ हलतात.

त्याच दिवशी शाळेचा निकाल असतो. मुलं नाराज असली तर?

सकाळी झेंडावंदन, मग निकाल, हे पुष्कळ शाळांत ठरलेलं. म्हणून संध्याकाळच्या आमंत्रणातच लिहा: टक्के विचारायचे नाहीत. आत्या-मावश्यांना फोन करून वेगळं सांगा.

केकवर तिरंगा चालेल का?

मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलंय की तिरंग्याचा केक कापणं हा राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. कायद्याचं झालं. पण अशोकचक्रावरून सुरी फिरवताना पाहुण्यांपैकी कुणाला तरी खटकणारच. आंब्याचा साधा केक आणा, नाहीतर आणूच नका, आमरस आहे ना.

कामाच्या ताईंना त्या दिवशी जास्त पैसे देऊन बोलावू का?

नाही. १ मे कामगार दिनही आहे. भारतात तो पहिल्यांदा मद्रासला १९२३ साली पाळला गेला, आणि आपल्या वागळे इस्टेटमध्ये, ठाणे-बेलापूर पट्ट्यात त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. त्या दिवशी त्यांना भरपगारी सुट्टी द्या. भांडी आपण घासायची, पाहुण्यांनी विसळायची. ताटल्या स्टीलच्या, कॅटररकडून भाड्याने मिळतात. प्लॅस्टिकची ताटं, पेले, चमचे यांवर तशीही बंदी आहे. ताईंना पाहुणे म्हणून बोलवायचं असेल तर खुशाल बोलवा, पण मग त्यांना स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. त्या जातातच.

कपडे?

सुती. फेटा हौसेने बांधा, अर्ध्या तासात खुर्चीच्या पाठीवर जाऊन बसतो.

नवी मुंबईत राहतो, आमच्यासाठी वेगळं काही?

सकाळ वापरा. ऐरोलीला सागरी आणि किनारी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडीत बोटीने रोहित पक्षी बघायला नेतात. बोट भरती-ओहोटीवर अवलंबून, म्हणून वेळ आणि बुकिंग आधी बघून घ्या; पक्षी साधारण मेपर्यंत असतात. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ मध्ये झालं आणि २०२२ पासून ती रामसर स्थळ आहे. तिथल्या कांदळवनात पांढरी चिप्पी दाखवा मुलांना, तो आपला राज्य कांदळवृक्ष. मग संध्याकाळी नकलांच्या खेळात ते झाड होऊन दाखवायला कुणीतरी उभं राहतंच, हात खाली मुळांसारखे पसरून.

१ मे हुकला तर?

पुढचा कुठलाही शनिवार-रविवार धरा. मेच्या मध्यानंतर हापूसचा भाव उतरतो, तेही बरंच. पण महिनाअखेरीच्या पुढे ढकलू नका. वळवाचे शिंतोडे पडायला लागले की आंबा पांचट लागतो, आणि जून उजाडला की मुलांना वह्यांना कव्हरं घालायची घाई असते.